प्रभाकरजींची मेमोरियल

आमच्याकडे फुटबॉल पावसाळ्यात खेळायचे, हे मी माझ्या पुण्याच्या व्याह्यांना सांगितलं तेव्हा ते हसले. चिखलात? म्हणाले. म्हटलं, चिखलातच. नागपूरचा उन्हाळा तुम्ही पाहिला नाही. मे महिन्यात त्या जमिनीवर पडलं की गुडघ्याची साल तिथंच राहायची. हिवाळ्यात मैदान क्रिकेटवाल्यांचं. उरला पावसाळा, तो आमचा. काळ्या मातीत लोळून घरी यायचं, तर आई बादली दारातच ठेवून उभी असायची, अंगण ओलांडू द्यायची नाही. व्याह्यांना ते काही पटलं नाही. ते पुन्हा हसले आणि मी विषय बदलला. हल्ली मी फार लवकर विषय बदलतो.

महिन्यापूर्वी इतवारीच्या बाजारात गेलो होतो. पोळा तोंडावर आलेला, रस्त्याच्या कडेनं लाकडी बैलांच्या रांगा लागलेल्या. लाल झुली, सोनेरी शिंगं, पायाला चाकं. नातवाला तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या पोरांच्या पोळ्यासाठी, एक घ्यावा म्हणून उचलला आणि वासच घेत बसलो. दमट हवेत लाकूड फुगतं, त्याचा एक वास असतो. त्यात ताजं रोगण मिसळलेलं. दुकानदारीण म्हणाली, "काय करून राहिले काका, घ्याचा हाय का?" मी घेतला. तिला काय सांगणार होतो, की बाई, हा वास बैलाचा नाही, शिल्डचा आहे.

तान्हा पोळा आटोपला, मारबतींचे पुतळे मिरवत गावाबाहेर गेले, वर्षाची रोगराई त्यांच्यामागे घालवून दिली, की शिल्ड सुरू व्हायची. शिल्ड म्हणजे प्रभाकर शिल्ड. शहरात दुसरे कप होते, ट्रॉफ्या होत्या, पण नुसतं शिल्ड म्हटलं की हीच. शिसवी लाकडाची, छातीएवढी रुंद, मध्ये चांदीचा पत्रा आणि भोवती जिंकणाऱ्यांच्या नावांच्या लहान लहान पट्ट्या. मधल्या पत्र्यावर इंग्रजीत कोरलं होतं, प्रभाकर धकाते मेमोरियल शिल्ड. आता आमच्यातल्या अर्ध्या जणांना इंग्रजी म्हणजे गोल, फाऊल आणि कॉर्नर एवढंच येत होतं. मेमोरियल ही शिल्डमधली एखादी भारी जात असावी, असा आमचा समज. साधी शिल्ड वेगळी, मेमोरियल वेगळी. कामठीच्या पोरांशी भांडताना आम्ही छाती काढून सांगायचो, तुमच्याकडे कप असतील बे, मेमोरियल आहे का?

आणि ज्यांनी ती दिली ते तर समोरच बसलेले असायचे. गांधीबागेतले कापडाचे व्यापारी, नऊवारी लुगड्यांची पेढी. पांढरं धोतर, काळी टोपी, काखेत मिटलेली छत्री. पाऊस पडत असला तरी ती मिटलेलीच. दुकानातून एक खुर्ची यायची, मैदानाच्या उजव्या अंगाला अगदी चुन्याच्या रेघेला लागून मांडायची, तिथं ते बसत. खुर्ची दुसरीकडे हलवलेली त्यांना चालत नसे. शिल्डवर नाव प्रभाकर, देणारा माणूस हा, म्हणजे हा प्रभाकर, यात विचार करण्यासारखं काय होतं? सगळे त्यांना प्रभाकरजी म्हणत. रेफ्री म्हणे, कप्तान म्हणत, पोह्याच्या गाडीवाला म्हणे. नमस्कार प्रभाकरजी. तेही हात जोडून म्हणायचे, नमस्कार बेटा, पाय सांभाळून खेळजो.

त्यांची एक अट होती, आणि तिच्यापायी आम्ही त्यांची भरपूर टिंगल केली. मॅचआधी वेचणी व्हायची. वेचणी हा शब्द आमच्या विदर्भात कापसाचा. बाया रांगेनं कपाशीतून पुढं सरकतात, कमरेला ओटी बांधलेली असते, तशी ही मैदानाची वेचणी. दोन्ही संघांनी, रेफ्रीसकट, मैदानाच्या एका टोकाला एका ओळीत उभं राहायचं आणि वाकून चालत दुसऱ्या टोकाला जायचं. खडा, काच, टांग्याच्या घोड्याच्या नालेचा खिळा, जे लागेल ते उचलायचं. मध्यभागी स्वतः म्हातारा. उपरण्याची ओटी केलेली, सगळ्यांनी आपापलं वेचलेलं तिच्यात टाकायचं. कन्हानच्या खाणीतले गडी, ज्यांचे तळवे आमच्या बुटांपेक्षा टणक, तेही मुकाट वाकून चालायचे. ज्या वर्षी एका बाहेरच्या संघानं हे करायला नकार दिला त्या वर्षी प्रभाकरजी उठून मैदानाच्या मधोमध जाऊन बसले. मग वेचणी झाली. आम्ही हसून हसून लोळलो होतो.

मला आठवतो तो हंगाम मी संघात पहिल्यांदा आलो तेव्हाचा. लेफ्ट बॅक. पावसानं त्या वर्षी दमच घेतला नाही. गिरणीमागचं ते मैदान, गिरणीचा भोंगा वाजला की पाळी सुटलेले कामगार तसेच अंगावर कापसाचे तंतू घेऊन कडेला येऊन उभे राहत. चेंडू कातड्याचा, वर बुटासारखी वादी बांधलेली. पाणी पिऊन तो असा जड व्हायचा की डोक्यावर घेतला तर वादीचा वळ कपाळावर घेऊन घरी यायचं. आई विचारायची, कोणी मारलं? सांगायचं, कोणी नाही, हेड मारला. ती म्हणायची, मग डोकं काय दुकानात ठेवून गेला होता? मॅचनंतर पोहे, वर लाल तर्री, द्रोणात पावसाचे दोन थेंब पडले तरी तसेच खायचे. त्या चवीचे पोहे मी पुढं शोधले. मिळत नाहीत. लोक म्हणतात तरुणपणी सगळंच चांगलं लागतं. लागत असेल.

आणि भोंग्यावरून ते पुकारणं. एक माणूस बांबूला बांधलेल्या कर्ण्यातून घसा फाडून सांगायचा, प्रभाकर शिल्डचा आजचा सामना, प्रभाकर शिल्डसाठी लढत आहेत. दर दोन वाक्यांआड प्रभाकर. आम्हाला त्याचा कंटाळा यायचा.

त्याच हंगामात, उपांत्य सामन्यात, माझ्या पायात गोळा आला आणि मला बाहेर बसवलं. बसायला जागा म्हणजे चिखल, तर प्रभाकरजींनी आपल्या खुर्चीशेजारी उपरणं अंथरलं आणि बस म्हणाले. एवढा मोठा माणूस शेजारी, काहीतरी बोलायला तर हवं. मी विचारलं, प्रभाकरजी, तुम्ही कोणत्या जागी खेळत होते?

त्यांनी मिटलेल्या छत्रीनं समोरची चुन्याची रेघ दाखवली. मग म्हणाले, "राईट आऊट. याच बाजूनं. डाव्या पायानं मले मारताच येत नव्हतं."

मग ते बोलतच सुटले. चेंडू घेऊन रेघेरेघेनं पळायचो, कोणाच्या बापाला सापडत नव्हतो, असं. सेंटर मारला की आधी गोल झाला का ते बघायचं सोडून कोण पाहून राहिलं ते बघायचो, ती खोड होती म्हणाले. अनवाणी खेळायचो, बूट बोचत. मी हो हो करत ऐकलं. मला मजा वाटली, एवढ्या जाड भिंगाचा चष्मा लावणारा माणूस कधीकाळी विंगला पळत होता म्हणून.

सामना संपल्यावर खुर्ची पोचवायला मीच गेलो, लंगडत. पेढीच्या मागे घर. म्हातारे खाली दुकानात टेकले आणि मला पाणी द्यायला त्यांची मुलगी आली, सुशीलाताई. लग्न होऊन त्याच गल्लीत दिलेली, वडिलांकडे येऊन-जाऊन असायची. तिनं विचारलं, आज बाबा एवढे खुशीत काहून आहेत? मी सांगितलं, त्यांच्या खेळाच्या गोष्टी सांगत होते, राईट आऊटच्या. तिच्या हातातला पेला तसाच राहिला.

ती म्हणाली, बाबांनी आयुष्यात चेंडूला पाय लावला नाही. बाबांचं नाव विठोबा. प्रभाकर माझा दादा.

दादा कॉलेजात होता. मैदानावर पायात खिळा घुसला, त्यानं उपटून फेकला आणि खेळत राहिला, घरी कोणाला बोलला नाही. धनुर्वात झाला. ती तेव्हा लहान होती, तिला शेजारच्या घरी नेऊन ठेवलं होतं, पण भिंतीतून आवाज येत होते. वडिलांनी पुढच्या पावसाळ्यात शिल्ड दिली. पहिल्या वर्षी कोणीतरी त्यांना चुकून प्रभाकरजी म्हटलं. ते दुरुस्त करायला गेले, तोंड उघडलं आणि नमस्कार बेटा म्हणाले. त्यानंतर कधीच दुरुस्त केलं नाही. सुशीलाताईनं हे सगळं अगदी सरळ सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, बायकांनी मैदानावर कुठं जायचं, पण वारा इकडचा असला की मी गच्चीवर जाऊन उभी राहते. भोंग्यावरून नाव ऐकू येतं.

मी घरी जाऊन जेवलो नाही. अट म्हणून मी ज्याला हसलो होतो ते काय होतं, हे तेव्हा कळलं. आणि जुन्या लोकांना हे सगळं माहीत होतं, तेही कळलं. कप्तानाला माहीत होतं, रेफ्रीला होतं. कोणी कोणाला बोलत नव्हतं. सगळं गाव मिळून एका म्हाताऱ्याला त्याच्या मेलेल्या मुलाच्या नावानं हाक मारत होतं आणि तो ओ देत होता. याला वेडेपणा म्हणावं तर म्हणा. मी स्वतः बाप झालो, मुलगी परगावी दिली, तिचं नाव दिवसभर घरात कोणी घेत नाही, तेव्हा मला ते थोडं थोडं समजायला लागलं.

अंतिम सामना कन्हाननं जिंकला. पुढच्याच हिवाळ्यात म्हातारे गेले. गल्लीच्या तोंडाशी फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, प्रभाकरजी धकाते यांचे दुःखद निधन. म्हणजे नागपुरात प्रभाकर दोनदा मेला आणि विठोबाजी एकदाही नाही. सुशीलाताईच्या नवऱ्यानं फळा पुसून नीट लिहिला, तर घाटावर आलेली माणसं एकमेकांना विचारत होती, हे विठोबाजी कोण गा?

शिल्ड त्यानंतर काही वर्षं चालली, मग चालली म्हणण्यापुरती चालली. आधी वेचणी गेली. मग गिरणी बंद पडली आणि कडेला उभी राहणारी माणसं गेली. मैदानाला टिनाचे पत्रे लागले, पत्र्यांच्या आत काय चाललंय ते कळेना, आणि पत्रे निघाले तेव्हा आत इमारत होती. आमची पोरं इंजिनियर झाली, बंगलोरला गेली. शेवटी जिंकलेला क्लब मोडला तेव्हा शिल्ड कोणीतरी सुशीलाताईच्या घरी आणून टाकली. तिथं ती तिसऱ्या मजल्यावर, कपाटाच्या वर, जुन्या चादरीत. दर पोळ्याला ताई ती खाली काढते, तेलाचा हात फिरवते, पुन्हा वर ठेवते. आता तिच्यानं ती उचलवतही नाही, सुनेला सांगावं लागतं, आणि सून म्हणते आई, हे लाकूड एकदा कुठं तरी देऊन टाका ना.

बैल घेऊन मी प्रतापनगरला घरी आलो तर तिचाच फोन. वय चौऱ्यांशीच्या पुढे, कान गेलेले, त्यामुळे ती फोनवर ओरडते. म्हणाली, मधुकर, यंदा एकदा खेळवून दे गा शिल्ड. एकच सामना. मी म्हटलं, ताई, कुठं खेळवू, कोण खेळणार? म्हणाली, कोणीही. माईकवर नाव घ्यायला लाव म्हणजे झालं. मी असेपर्यंत एकदा मैदानावर दादाचं नाव ऐकायचं आहे, मग काढून टाका ते लाकूड.

मी फिरलो. या वयात काय फिरायचं तेवढं फिरलो. ज्यांच्या सोबत खेळलो त्यातले दोघं अंथरुणावर, एकाला मी कोण ते आठवेना. एका शाळेत मास्तर म्हणाले, काका, आमच्याकडे मैदानच नाही, पोरं गच्चीवर कवायत करतात. एका क्लबात विचारलं तर म्हणाले स्पॉन्सर आणा. जिकडे जावं तिकडे लोक गोड बोलत होते, चहा पाजत होते, आणि मी जिना उतरायच्या आत विसरत होते. मला राग यायचा आणि राग धरायला समोर कोणी नसायचं.

शेवटी एक होतकरू भाऊ भेटले. आमच्याकडे पुढारी व्हायचं ठरवलं की माणूस आधी भाऊ होतो. त्यांच्या वाढदिवसाला त्यांनी टर्फवर सामने ठेवले होते. टर्फ म्हणजे जाळीनं बंद केलेला पिंजरा, खाली प्लॅस्टिकचं हिरवं गवत, तासावर भाड्यानं. पाच-पाच जण खेळतात. स्पर्धेला नाव भाऊंच्या वडिलांचं. शिल्ड टेबलावर ठेवू म्हणाले, अँटिक आहे, फोटोत छान दिसेल. मी म्हटलं, माईकवर प्रभाकर धकात्यांचं नाव घ्यावं लागेल, आणि त्यांची बहीण येईल. घेऊ ना काका, म्हणाले, सन्मानच करू त्यांचा. हे ताईला सांगितलं तेव्हा ती इतकी आनंदली की मला माझीच भीती वाटली.

गेल्या रविवारी संध्याकाळी तिला घेऊन गेलो. पांढरी साडी, केस नीट बांधलेले, कानाला यंत्र. पिंजऱ्याबाहेर मंडप, मोठमोठ्यानं गाणी, भाऊंचे फोटो. पोरं गुडघ्यापर्यंत मोजे घालून आत पळत होती. खेळत बरी होती, खोटं कशाला सांगू. त्या गवतावर मी वाकून हात फिरवला. खडा नाही, धूळसुद्धा नाही, वेचायला काही नव्हतं. सूत्रसंचालक मंचावर चढला आणि ताईनं कानाचं यंत्र वाढवलं, ते शिट्टी मारायला लागलं, मग कमी केलं.

तो म्हणाला, आज आपल्यात आहेत या ऐतिहासिक शिल्डचे दाते, थोर समाजसेवक, कापड व्यवसायातील अग्रणी, कैलासवासी प्रभाकरजी धकाते यांच्या धर्मपत्नी, श्रीमती सुशीलाबाई धकाते.

आडनावही त्यानंच लावलं. मी ताडकन उठलो. माझ्या मनगटावर तिचा हात पडला आणि तिनं मला खाली बसवलं. काठी टेकत मंचावर गेली. शाल, नारळ, भाऊंनी वाकून नमस्कार केला, फोटो निघाले. शिल्डशेजारी तिला उभं केलं आणि हसा आजी म्हणाले. ती हसली नाही, पण उभी राहिली.

शिल्ड उद्या पोरं आणून देतील असं भाऊ म्हणाले, म्हणून आम्ही तशीच सोडून निघालो. रिक्षात मी भडकलेला. म्हटलं, ताई, मला बोलू का नाही दिलं? बहिणीला बायको केलं त्यांनी. एकोणिसाव्या वर्षी गेलेल्या पोराला समाजसेवक केलं. ती बाहेर पाहत होती. म्हणाली, त्याचं मला काही वाटलं नाही. लेकराला काय माहीत.

"पण तो प्रभाकरजी म्हणाला गा," ती म्हणाली.

मी म्हटलं, ते तर सगळेच म्हणायचे.

"ते बाबाले म्हणत. दादाले कोण जी म्हणते? मिशी नव्हती फुटली त्याले. पोरं खालून ओरडत, परभ्या, चाल ना बे. हातात पोळीचा घास घेऊन पळे. मले वाटलं, माईकवर कोणी नाव घेतलं त तसं वाटन." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तसं म्हणणारं कोणी उरलंच नाही ना आता. तू म्हण बरं एकदा."

रिक्षावाला आरशातून पाहत होता. मी सत्तरीचा माणूस. घसा खाकरला आणि म्हटलं, परभ्या, चाल ना बे.

तिनं डोळे मिटून ऐकलं. मग मान हलवली.

"राहू दे," म्हणाली. "तू पाह्यलं नाही त्याले."